घरात कोरल ठेवायचंय? महागडी लाइट घेण्याआधी हा हिशेब समजून घ्या

अशी रील तुम्हीही बघितली असेल. अंधारी खोली, काचेची टाकी, वरून पडणारा गडद निळा उजेड आणि त्यात हिरवे, केशरी, गुलाबी रंग अक्षरशः पेटल्यासारखे दिसणारे कोरल. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न शंभर वेळा विचारलेला असतो, 'भावा, लाइट कुठली आहे?'

उत्तरंही ठरलेली असतात. एक जण म्हणतो, इंपोर्टेड लाइट घे, नाहीतर या भानगडीत पडूच नको. दुसरा म्हणतो, एलईडी ती एलईडी, हार्डवेअरच्या दुकानातला फ्लडलाइट लाव, काम झालं. पहिल्याचं ऐकलं तर लाइटची किंमत टाकी, पंप आणि मीठ या सगळ्यांच्या बेरजेच्या वर जाऊ शकते. दुसऱ्याचं आंधळेपणाने ऐकलं तर दोन महिन्यांत कोरल पांढरे पडून मरू शकतात.

खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. त्यासाठी आपण एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही पनवेल तालुक्यातल्या नेऱ्यात राहताय. हॉलच्या कोपऱ्यात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी ठेवायला जागा आहे. म्हणजे साधारण ७० लिटर पाणी. वीज महावितरणची, एप्रिल-मे महिन्यांत घामाच्या धारा आणि जुलैमध्ये माथेरानच्या डोंगरावरून उतरणारा पाऊस. या टाकीवर कमी खर्चात कोणती लाइट लावायची?

कोरलला लाइट लागतेच कशाला?

आधी एक गैरसमज दूर करू. कोरल म्हणजे प्रवाळ. ही वनस्पती नाही आणि दगडही नाही. हा प्राणी आहे, जेलीफिशचा लांबचा नातेवाईक. मग प्राण्याला उन्हाची काय गरज?

गंमत अशी की बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याला झूझँथेली म्हणतात. प्रवाळ त्याला राहायला जागा देतो आणि हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. उथळ, स्वच्छ पाण्यातल्या काही प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूकडून मिळते.

म्हणजे मत्स्यालयातली लाइट माशांसाठी फक्त शोभा असते, पण कोरलसाठी ते रोजचं जेवण असतं. उजेड कमी पडला तर कोरल हळूहळू उपाशी राहतो. हे लगेच दिसत नाही. आठवडेच्या आठवडे तो तग धरतो आणि एक दिवस कोसळतो. म्हणूनच 'माझ्याकडे साध्या बल्बवर महिनाभर मस्त आहे' या कमेंटवर विश्वास ठेवू नये. महिना हा काळच पुरेसा नाही.

उलटंही होतं. उजेड किंवा उष्णता फार झाली की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. समुद्रातल्या कोरल ब्लीचिंगच्या बातम्या आपण वाचतो, तेच टाकीत घडतं.

पण उजेड निळाच का?

याचं उत्तर आपल्याच समुद्रात आहे. पाण्यात शिरल्यावर सूर्यप्रकाशातला लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. मग नारिंगी, पिवळा कमी होत जातो. स्वच्छ पाण्यात सर्वात खोल जातो तो निळा.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत अरबी समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ओळखलं जाणारं. त्याचा माथाच पाण्याखाली साधारण २० मीटरवर आहे. तरी तिथे प्रवाळ आहेत, कारण पाणी स्वच्छ आहे आणि निळा उजेड तिथवर पोहोचतो. उलट वरळी, हाजी अलीच्या खडकांवर गढूळ पाण्यात राहणारे प्रवाळ आहेत. तेही जगतात, पण ते वेगळे, कमी उजेडाला सरावलेले. काही जातींना तर शैवालाची गरजच नसते, त्या पाण्यातलं अन्न पकडून खातात.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, कोरलमधल्या शैवालाला निळा प्रकाश उत्तम वापरता येतो, साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. दोन, प्रत्येक कोरलची भूक वेगळी असते. सगळ्यांसाठी एकच 'बेस्ट लाइट' नसते.

आणि रीलमधला तो पेटल्यासारखा रंग? निळा प्रकाश पडल्यावर कोरलमधली काही प्रथिनं हिरवा किंवा केशरी प्रकाश बाहेर टाकतात, त्याला फ्लुरोसन्स म्हणतात. वरून मोबाइलच्या लेन्सवर पिवळा-केशरी फिल्टर लावला की रंग अजून उठतात. तुमच्या टाकीत तीच लाइट लावली तरी डोळ्यांना दृश्य तसंच दिसेल असं नाही. रील बघून लाइट निवडू नये ते यासाठी.

वॅट, लुमेन, केल्विन, पार... नेमकं काय बघायचं?

लाइटच्या खोक्यावर आकड्यांची जत्रा असते. एकेक समजून घेऊ.

वॅट म्हणजे लाइट किती वीज खाते. ती किती उजेड देते हे यावरून थेट कळत नाही.

लुमेन आणि लक्स हे माणसाच्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचं माप आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या रंगाला सर्वात जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या तुलनेत पंचविसाव्या भागाइतकीच दाद मिळते. त्यामुळे निळी लाइट आपल्याला मंद वाटते, पण कोरलच्या ताटात भरपूर वाढलेलं असतं. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲपही निळ्या लाइटखाली याच कारणाने फसतं.

केल्विन म्हणजे पांढऱ्या उजेडाची छटा. घरातला पिवळसर बल्ब ३,००० केल्विनच्या आसपास, 'कूल डे लाइट' ६,५०० आणि रीफ टाकीसाठी विकल्या जाणाऱ्या लाइट्स १०,००० ते २०,०००. आकडा वाढला की छटा निळी होते. पण ही फक्त छटा. उजेड पुरेसा आहे का, हे त्यातून कळत नाही.

कोरलच्या कामाचं माप म्हणजे पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर किती पडतात, ते यात मोजतात. भर दुपारी उष्ण कटिबंधातल्या उघड्या उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास असतो. टाकीत एवढा लागत नाही. हौशी लोक साधारण हे अंदाज वापरतात:

- मशरूम, झोआंथिड, लेदर असे सॉफ्ट कोरल: ५० ते १५०
- मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ: ८० ते १५०
- फांद्यांसारखे वाढणारे, लहान पॉलिपचे कठीण प्रवाळ: २०० ते ३५० किंवा जास्त

शेवटच्या गटाची भूक पहिल्या गटाच्या दुप्पट-तिप्पट आहे. लाइटचं बजेट इथेच ठरतं.

म्हणून लाइटच्या आधी कोरल निवडा, आणि त्याच्याही आधी कायदा वाचा

हा भाग बहुतेक रील्समध्ये नसतो.

२००१ मध्ये केंद्र सरकारने वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये प्रवाळांचा समावेश केला. ही तीच अनुसूची, ज्यात वाघ आहे. यात सगळे कठीण प्रवाळ येतात, काळे प्रवाळ येतात, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे म्हणजे गॉर्गोनियनही येतात. ते गोळा करणं, विकणं, विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे. अनुसूची १ मधल्या जिवांबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५,००० रुपये आहे.

कायदा किती कडक आहे, याचं मुंबईतलं उदाहरण बघा. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. सगळ्या मिळून क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी. म्हणजे आपल्या डायनिंग टेबलाच्या एका कोपऱ्याएवढं. तरी त्या हलवण्यासाठी मुंबई महापालिकेला वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या मदतीने त्या दुसरीकडे नेण्यात आल्या. हजारो कोटींच्या प्रकल्पाला जी परवानगी लागते, ती कुठल्याशा ग्रुपवरून कुरिअरने कोरल मागवणाऱ्याला माफ असेल का?

'पण हा तर परदेशी आहे' असं विक्रेता म्हणू शकतो. अनुसूचीत जातींची एकेक नावं नाहीत, कठीण प्रवाळांचा अख्खा गण आहे. शिवाय कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स करारात नियंत्रित आहे. त्यामुळे आयातीची कागदपत्रं नसतील तर 'परदेशी' हा शब्द तुम्हाला वाचवणार नाही. मालवणच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही याच कायद्याखाली येतो. आणि 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा खडक अनेकदा प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी कृत्रिम किंवा सिरॅमिकचा खडक घ्या.

मग उरतं काय? मशरूम, लेदर, झेनिया, झोआंथिड. हे सॉफ्ट कोरल किंवा त्यांच्या जवळचे प्रकार अनुसूची १ च्या यादीत नाहीत. अर्थात सागरी अभयारण्यातून काढलेला कुठलाही जीव बेकायदेशीरच, म्हणून दुकानातून जातीचं नाव लिहिलेलं पक्कं बिल मागा. कोणी बिल द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा. झोआंथिडबद्दल एक सूचना: त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोज्यांशिवाय हाताळू नका आणि ते चिकटलेला दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका.

आता गंमत बघा. कायद्याने जे चालतं, तेच नेमकं कमी उजेडात जगणारं आहे. ज्याला सर्वात महाग लाइट लागते, ते कोरल आपल्याला तसंही ठेवता येत नाहीत. म्हणजे भारतातल्या हौशी माणसाला परदेशी यूट्यूबर सांगतात त्या ताकदीची लाइट लागतच नाही. अर्धा खर्च इथेच वाचला.

आपल्या दोन फुटी टाकीला किती वॅट पुरतील?

थोडं गणित करू, सोपं आहे.

टाकीचा तळ साधारण ६० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे ०.१८ चौरस मीटर. सॉफ्ट कोरलसाठी सरासरी १५० पार धरू, म्हणजे हात सैल ठेवूनच. ०.१८ गुणिले १५० म्हणजे २७. दर सेकंदाला एवढे प्रकाशकण हवेत, मायक्रोमोल या एककात.

बऱ्यापैकी एलईडी लाइट एका वॅटमागे साधारण दीड मायक्रोमोल देते. २७ भागिले दीड म्हणजे १८ वॅट. पण सगळा उजेड टाकीत जात नाही. थोडा बाहेर सांडतो, थोडा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो, थोडा पाण्यात मुरतो. अर्धा वाया गेला असं धरलं तर ३६ वॅट.

म्हणजे या टाकीला खरे ३० ते ४० वॅट पुरेत. इथे 'खरे' हा शब्द महत्त्वाचा, कारण खोक्यावरचे वॅट आणि प्लगमधून ओढले जाणारे वॅट यांत फरक असतो. १६५ वॅट म्हणून विकली जाणारी लाइट म्हणजे ३ वॅटचे ५५ एलईडी, हा नुसता गुणाकार असतो. प्रत्यक्षात ते कमी ताकदीवर चालवलेले असतात आणि लाइट १०० ते १२० वॅटच्या आसपास ओढते. प्लगमध्ये लावायचं वीज मोजणारं छोटं मीटर मिळतं. ते लावून बघा, खरा आकडा लगेच कळतो.

बाजारात पर्याय कोणते?

खिडकीतलं ऊन. फुकट आहे, पण भरवशाचं नाही. मे महिन्यात पाणी तापवेल, काचेवर हिरवा थर चढवेल आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे गायब होईल. कोकणपट्टीत यावर टाकी चालवणं म्हणजे जुगार.

हार्डवेअरच्या दुकानातला फ्लडलाइट. ऐकायला विचित्र वाटेल, पण हा पर्याय अगदी टाकाऊ नाही. पांढरी एलईडी मुळात निळीच असते. ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या चिपवर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. त्यामुळे ६,५०० केल्विनच्या लाइटमध्ये कोरलच्या उपयोगाचा निळा असतोच. मशरूम आणि लेदर त्यावर जगू शकतात. तोटे म्हणजे रंग फिके दिसतात, उजेड कमी-जास्त करता येत नाही आणि टाकीत पोषक द्रव्यं जास्त असतील तर शेवाळ हटता हटत नाही. पिवळसर 'वॉर्म' लाइट मात्र अजिबात नको.

निळ्या-पांढऱ्या एलईडीची क्लिप लाइट. टाकीच्या काचेला अडकवायची. दोन फुटी टाकीसाठी हा बहुतेकांना परवडणारा आणि पुरणारा पर्याय आहे. एकच क्लिप लाइट असेल तर मधे झगझगाट आणि कोपऱ्यांत अंधार होतो. त्यापेक्षा कमी वॅटच्या दोन लाइट दोन बाजूंना लावलेल्या बऱ्या.

चायनीज 'ब्लॅक बॉक्स'. काळ्या पेटीसारखी, निळा आणि पांढरा असे दोन वेगळे चॅनल, दोन्ही कमी-जास्त करता येणारे. जगभरात स्वस्तात टाकी चालवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरलेला प्रकार. आपल्या ७० लिटरला ही गरजेपेक्षा मोठी आहे. पण पुढे तीन फुटी टाकीवर जायचा विचार असेल तर एकदाच घेऊन आत्ता कमी ताकदीवर चालवता येते.

टी-५ ट्यूब. उजेड छान आणि सगळीकडे सारखा. पण ट्यूबचा उजेड हळूहळू उतरतो, त्यामुळे ९ ते १२ महिन्यांनी त्या बदलाव्या लागतात. शिवाय आता एलईडीमुळे चांगल्या ट्यूब शोधत फिरावं लागतं.

मेटल हॅलाइड. एकेकाळचा राजा. आता सेकंड हँडमध्ये स्वस्त मिळतो आणि तिथेच लोक फसतात. का, ते पुढे बघू.

दोन गोष्टी मात्र टाळाच. रिमोटने रंग बदलणारी सजावटीची पट्टी, कारण तिच्यात दम नसतो. आणि झाडांसाठीची जांभळी 'ग्रो लाइट', कारण तिचा भर लाल रंगावर असतो, जो कोरलच्या फारसा कामाचा नाही.

खरी किंमत वीजबिलात दिसते

लाइट आपण एकदा विकत घेतो, बिल दर महिन्याला भरतो. रोज ८ तास लाइट चालू धरू. विजेचा दर हिशेबासाठी युनिटला १० रुपये धरू.

- ४० वॅटची एलईडी: महिन्याला ९.६ युनिट, ९६ रुपये. तीन वर्षांत सुमारे ३,५०० रुपये.
- २४ वॅटच्या चार टी-५: महिन्याला २३ युनिट, २३० रुपये. तीन वर्षांत सुमारे ८,३०० रुपये, ट्यूबचा खर्च वेगळा.
- २५० वॅटची मेटल हॅलाइड: महिन्याला ६० युनिट, ६०० रुपये. तीन वर्षांत २१,६०० रुपये.

सेकंड हँड हॅलाइड 'स्वस्त' कशी पडते ते आलं लक्षात? तुमचा स्वतःचा हिशेब करताना एक काळजी घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, असं. टाकीचे युनिट तुमच्या आधीच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना सरासरी दर लावू नका. बिलात तुम्ही ज्या सर्वात वरच्या टप्प्यात पोहोचता, त्याचा दर लावा.

आणि हे फक्त उजेडाचं बिल झालं. उष्णतेचं वेगळं. कोरलना साधारण २४ ते २७ अंश पाणी मानवतं. नेऱ्यात मे महिन्यात एसीशिवायची खोली सहज ३३-३४ अंशांवर जाते. वरून हॅलाइडची धग थेट पाण्यावर पडली तर चिलरशिवाय पर्याय नाही, आणि चिलर म्हणजे दिवसभर चालणारा दुसरा फ्रिजच. एलईडीची उष्णता बहुतेक मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून वर जाते, पाण्यात कमी उतरते.

एलईडी असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावून दोन-तीन अंश उतरवता येतात. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून घट भरताना खारं नाही तर साधं आरओचं पाणी घाला. पावसाळ्यात हवा दमट असल्याने ही युक्ती फारशी चालत नाही, पण तेव्हा खोलीही थंड असते. खरी परीक्षा मे महिन्याची आणि ऑक्टोबर हीटची. त्या दिवसांत लाइट दुपारऐवजी संध्याकाळी लावली तरी फरक पडतो.

आणि लाइट गेली तर?

पावसाळ्यात वादळी वाऱ्यात वीज जाणं आपल्याला नवीन नाही. अनेक जण या भीतीने टाकीची लाइट इन्व्हर्टरवर घेतात. तशी गरज नाही.

कोरल काही तास काय, एक-दोन दिवस अंधारातही राहू शकतो. समुद्रातही ढगाळ दिवस असतातच. जीव जातो तो पाण्याचं अभिसरण थांबून ऑक्सिजन कमी पडल्याने. म्हणून इन्व्हर्टरवर घ्यायचा तो पाणी फिरवणारा पंप. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. लाइटचे वाचलेले पैसे इथे घाला.

स्वस्त लाइट घेताना काय तपासायचं?

- निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो का?
- निळ्या एलईडीची तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास लिहिलेली आहे का? पांढऱ्या बल्बवर निळं प्लास्टिक लावलेलं असेल तर सोडून द्या.
- मागे जाड ॲल्युमिनियम किंवा पंखा आहे का? दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापत असेल तर ती टिकणार नाही.
- ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वेगळा आहे का? बिघडला तर तेवढाच बदलता येतो. स्वस्त लाइटमध्ये बहुतेक वेळा आधी तोच जातो.
- पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण आहे का? मिठाचं पाणी उडून वाळतं आणि महिन्याभरात जोडांवर पांढरा थर बसतो. तो दर आठवड्याला लाइट बंद करून, प्लग काढून ओल्या फडक्याने पुसा.

सुरक्षेत काटकसर नको. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. टाकीच्या सॉकेटला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी हवंच. वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली गळेल.

लाइट लावल्यावरचा पहिला महिना

नवीन लाइट पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीवर लावणं ही सर्वात जास्त होणारी चूक. दुकानात कोरल अनेकदा मंद उजेडात ठेवलेले असतात. अंधाऱ्या खोलीतून एकदम मे महिन्याच्या उन्हात आल्यावर आपलं जे होतं, तेच त्यांचं.

सुरुवात ३० ते ४० टक्क्यांवर करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. लाइट मंद करता येत नसेल तर ती सुरुवातीला उंच टांगा, किंवा कोरल तळाशी ठेवून नंतर वर सरकवा. रोज ८ ते १० तास पुरतात. साधा टायमर लावा, कारण आपण विसरतो, टायमर विसरत नाही. दुपारी १ ते रात्री ९ ठेवलं तर लोकलने घरी परत आल्यावर टाकी बघताही येते.

पार मोजणारं मीटर महाग असतं, एका टाकीसाठी विकत घेऊ नका. ओळखीत कोणाकडे असेल तर एक दिवस मागून आणा. नाहीतर कोरलच मीटर आहे, असं समजा. तो उजेडाकडे मान लांबवतोय, बारीक होतोय, तर उजेड कमी आहे. आक्रसतोय, फिका पडतोय, तर उजेड जास्त आहे. आणि हो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठवडाभर थांबा. रोज बटणं फिरवली तर काय चुकलं ते कधीच कळणार नाही.

मग घ्यायचं काय?

नेऱ्यातल्या आपल्या ७० लिटरच्या टाकीसाठी उत्तर असं: सॉफ्ट कोरल, खरे ३० ते ४० वॅट ओढणारी निळी-पांढरी एलईडी, शक्य तर दोन तुकड्यांत, एक टायमर, एक छोटा पंखा आणि एक आरसीसीबी. वीजबिलात महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास भर.

रीलमध्ये दिसतो तो फांद्यांचा रंगीत कोरल यात नसेल. पण पाण्याच्या लाटेबरोबर डोलणारा लेदर कोरल आणि बशीसारखा फुलणारा मशरूम, हेही तासन् तास बघत बसावं असेच असतात. पोलिसांची भीती नाही आणि बिलाचीही नाही.

आणि खरंच कठीण प्रवाळ बघायचे असतील तर मालवणला जा, पाण्यात डोकं घाला आणि हात मागे ठेवा. तिथली लाइट फुकट आहे.